न विकलेलं बेणं

लिमा, ९ जानेवारी २००१

प्रिय मदरीना,

अमान्सियोच्या बसने पाठवलेली गोणी पोचली. चीज जरा दबलं होतं, पण मी आणि माझ्या खोलीतल्या दोघींनी दोन दिवसांत संपवलं. गोणीतले बटाटेही जवळजवळ संपत आलेत, तेव्हा पुढची गोणी कधी हे बेशरमपणे विचारून ठेवते.

आता कामाचं, तेव्हा बसून वाच. सरकारने देशभरातल्या एकोणीस शेती-संशोधन केंद्रांचा आढावा घेतलाय आणि त्यातली सात बंद होणार आहेत. आमच्या कार्यालयाने एकेका केंद्राची फाईल एकेका अर्थतज्ज्ञाला वाटली आणि पुकारूमीची माझ्याकडे आली. मी लांदासुरी साहेबांना स्पष्ट सांगितलं, "तिथे एकतीस वर्षं क्षेत्र-सहाय्यक असलेल्या बाईंनी माझं जावळ काढलंय, त्या माझ्या मदरीना आहेत, आईच्या जागी, फाईल दुसऱ्याला द्या." साहेब हसले आणि म्हणाले, "तुला निदान रस्ता तरी ठाऊक आहे. बाकीच्यांना वांकावेलिका नकाशावर दाखवावं लागतं. शिवाय निर्णय पाच जणांची समिती घेणार, तू नाही."

तेव्हा घाबरू नकोस. हिशेब सरळ आहे. पुकारूमी-७ हा वाण काढायला सरकारचा खर्च किती झाला, आणि तो लावून शेतकऱ्यांचा फायदा किती झाला, एवढंच मांडायचं. वाण किती पसरला ते बेणं-विक्रीच्या नोंदींवरून कळतं. मला अकरा वर्षांची विक्री लिहून पाठव. करप्याला दाद न देणारा बटाटा आहे तो, आकडे दणदणीत असणार आणि समिती गप्प बसणार, याबद्दल मला काडीची शंका नाही.

तुझी,
नोएलिया

~

पुकारूमी, २४ जानेवारी

नोए पोरी,

बसून वाच म्हणालीस म्हणून मेंढीच्या कातड्यावर ऐसपैस बसले, तर पत्रात घाबरण्यासारखं काहीच नाही. आमचं केंद्र बंद करणारा अजून जन्माला यायचाय. बंडखोर आणि लष्कराच्या लढाईच्या त्या वाईट वर्षांत इंजिनियर लोक एका रात्रीत पळाले, तेव्हा वाणाचे मूळ कंद मी आईच्या घरी गवताखाली लपवले होते. बंदुकवाले दोन्हीकडचे येऊन गेले, कोणाला बटाट्यात रस नव्हता.

इंजिनियर बारिएन्तोस सध्या प्रमुख आहेत. ते सकाळी उठून बदलीची ऑर्डर आली का बघतात आणि मग दिवसभर थंडी वाजते म्हणतात. तुझे आकडे मीच नोंदवहीतून काढले. अकरा वर्षांत विकलेलं बेणं दोनशे बारा पोती. त्यातली साठेक पाद्रीबाबांनी चर्चच्या जमिनीसाठी घेतली, बाकीची बहुतेक दूरच्या जिल्ह्यांत गेली.

आकडा लहान वाटला तर वाटू दे. तू इथली आहेस, तुला काय सांगायचं! डोंगर बघ आणि लिही.

गोणी पुढच्या शनिवारी. तुझ्या त्या दोघींना सांग, बटाटे सोलून उकडायचे नसतात. सालासकट उकडायचे.

सातुर्निना

~

लिमा, १२ फेब्रुवारी

प्रिय मदरीना,

तुझा आकडा वाचून मी नोंदवही चुकली असेल म्हणून दोनदा ताडून पाहिला. दोनशे बारा पोत्यांत जेमतेम सात हेक्टर लागवड होते! बारा वर्षं वाण काढण्यात गेली, अकरा वर्षं तो विकण्यात, आणि पदरात काय, तर सात हेक्टर?

मग मी दुसरा मार्ग धरला. आमची पाहणी करणारी माणसं जानेवारीत तुमच्या भागातल्या तीनशे घरांत जाऊन आली. "या शेतात कोणता वाण लावलाय?" असं त्यांनी प्रत्येक घरी विचारलं. पुकारूमी-७ चं नाव नऊ घरांनी घेतलं. तीनशेत नऊ. लांदासुरी साहेब म्हणाले, "लोक ज्याच्यासाठी खिशात हात घालत नाहीत ते लोकांना नको असतं. याहून सोपं अर्थशास्त्र नाही."

मदरीना, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. कच्च्या अहवालात मी "केंद्र बंद करावं" असं लिहिलंय. नात्यासाठी आकडा वाकवला तर मी या खुर्चीला लायक नाही. तुझी पेन्शन दोन वर्षांवर आहे हे मला ठाऊक आहे. केंद्र बंद झालं तरी तुला दुसरीकडे सामावून घेतील असं कलम मी घालणार आहे, त्याची काळजी नको.

नोएलिया

~

पुकारूमी, २३ फेब्रुवारी

नोएलिया,

मी तुला पूर्ण नावाने हाक मारतेय यावरून काय ते समज.

तू सहा वर्षांची असताना तुझ्या आईने तुला लिमाला नेलं ती चूकच झाली. पोरगी शिकली, पण शेत विसरली. "या शेतात कोणता वाण?" हा काय प्रश्न झाला? कोणती शहाणी बाई एका शेतात एकच वाण लावते? माझ्या भावाच्या शेतात चौदा आहेत. एक गारपिटीत टिकतो, एक थंडीत गोठवून सुकवलेल्या चुन्योला चांगला, एक पाहुण्यांसाठी, एक नुसता दिसायला देखणा म्हणून. सगळे एकत्र लावतात. आणि तुमच्या माणसाने विचारलं तर ती बाई आधी कोणाचं नाव घेणार? सगळ्यांत जुन्या बटाट्याचं. घरात कोण कोण असतं असं विचारलं तर आधी आजोबांचं नाव घेतात की कालच्या सुनेचं? तुमचा माणूस एवढं ऐकून वही मिटून उठला. अंगणात एका बाईने त्याला सूप दिलं ते प्यायलाही थांबला नाही, अशा माणसाला कोण पूर्ण सांगेल?

पुकारूमी-७ ही सून आहे. तिचं नाव शेवटी येतं.

आणि खिशात हात घालण्याचं म्हणशील, तर बेणं कधी विकत आणतात का ग? विकत आणलेलं बेणं शेतात परकं राहतं, रुजायला कुरकुरतं, असं माझी आजी म्हणायची आणि इथली प्रत्येक बाई आजही म्हणते. बेणं मजुरीत मिळावं, लग्नात मिळावं, नाहीतर मैत्रिणीने द्यावं. पाद्रीबाबा स्पेनचे, त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी विकत घेतलं.

यंदा एकोणीस दिवस पाऊस थांबलेला नाही. करपा खालच्या गावांत आलाय, पंधरा दिवसांत आमच्यापर्यंत पोचेल. मार्चच्या मध्यावर ये. तुझा कागद, पेन्सिल, तुझे साहेब, काही आणू नकोस. गमबूट आण.

सातुर्निना

~

लिमा, २६ मार्च

प्रिय मदरीना,

पायांचे फोड अजून बरे झालेले नाहीत आणि साहेबांनी मला "चिखलराणी" असं नाव ठेवलंय. पण तुला सांगते, इतक्या वर्षांत इतक्या मस्तीत मी कधीच काम केलेलं नाही.

त्या दिवशी तू मला खिंडीवर उभं केलंस. समोर सगळा डोंगर करप्याने काळा पडलेला, आणि त्या प्रत्येक काळ्या शेतात हिरवी झाडं तशीच उभी, कुठे चार, कुठे ओळीच्या ओळी. मला रडू आलं ते थंडीमुळे असं तुला म्हणाले ते खोटं होतं.

पाच गावांत चिठ्ठ्या टाकून निवडलेली एकेचाळीस शेतं मी पायी मोजली. शंभर झाडांतली चौतीस पुकारूमी-७ ची. फवारणीचं वाचलेलं औषध, वाचलेलं पीक, वांकायोच्या बाजारात करप्याच्या वर्षीही न भडकलेला भाव, सगळं धरून मी हिशेब पुन्हा मांडला. केंद्रावर खर्च केलेल्या दर सोलमागे लोकांना अकरा सोल मिळालेत. एकोणीस केंद्रांत एवढा परतावा दुसऱ्या कुठल्याच केंद्राचा नाही!

साहेब म्हणाले, "वा. म्हणजे वाण फुकटात आपोआप पसरतो. मग सरकार कशाला हवं?" मी म्हटलं, "साहेब, बाईने बाईला दिलेल्या बटाट्यावर कंपनीला दमडी मिळत नाही, म्हणून कुठलीही कंपनी हा वाण काढायला बारा वर्षं घालवणार नाही. हातोहात पसरणारी वस्तू सरकारने नाही काढली तर कोणीच काढत नाही. आपण विक्री मोजत होतो. विक्री कमी होती, कारण वाण सगळ्यांना मिळाला होता." त्यांनी स्वतः कॉफी ओतून मला दिली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

पण त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दोनशे बारा पोत्यांत एवढा डोंगर कसा भरला? त्यातही साठ पाद्रीबाबांकडे आणि बाकीची बहुतेक जिल्ह्याबाहेर. समितीतले दोघं म्हणतायत की हा बटाटा कुठून तरी दुसरीकडूनच आला असेल, केंद्राला श्रेय का द्यायचं? मूळ दाखवलं नाही तर माझे अकरा सोल हवेत जातात.

मी प्रत्येक बाईला विचारलं होतं, बेणं कोणी दिलं? ती म्हणे वहिनीने. वहिनी म्हणे विहिणीने. अशा सव्वीस साखळ्या मी वहीत काढल्यात आणि सगळ्या केंद्राच्या फाटकाशी येऊन थांबतात. तिथून पुढे सगळ्या बायका हसतात आणि म्हणतात, "सातूला विचार." आपण चार दिवस एका चुलीपाशी बसलो. तू माझ्या लग्नापासून माझ्या नाकापर्यंत सगळ्यावर बोललीस, आणि हे विचारलं की शेळ्या बघायला उठायचीस. काय लपवतेस?

नोएलिया

~

पुकारूमी, ६ एप्रिल

नोए,

तुझं नाक बापावर गेलंय आणि हट्ट माझ्यावर. सांगते, पण हे तुझ्या माझ्यात.

आपल्याकडे बटाट्याची काढणी संपते त्या दिवशी काढणाऱ्या बाईने ढिगाशी बसायचं आणि स्वतःच्या हाताने निवडून पाठीवर ओझं बांधायची एक शाल भरायची. मजुरी वेगळी, शाल वेगळी. शालीतलं ती खात नाही, पुढच्या वर्षी लावते. हे तुझ्या पणजीच्या आधीपासून चालत आलंय. सरकारी नियमात मात्र रोख मजुरी तेवढी आहे, आणि प्रत्येक कंद वजन करून कोठारात.

वाण विक्रीला यायच्या दोन वर्षं आधी त्याची पहिली मोठी काढणी झाली, तेव्हा बायकांनी शेवटच्या दिवशी शाली पसरल्या. तेव्हाच्या इंजिनियरने सगळ्या झटकायला लावल्या. बायका रिकाम्या शाली घेऊन गेल्या. पुढच्या वर्षी काढणीला एकही आली नाही. दुप्पट मजुरी देऊ म्हटलं तरी आली नाही. अर्धं पीक जमिनीत कुजलं ग, बारा वर्षांचं काम, मी एकटी किती उपसणार?

तेव्हापासून शेवटच्या दिवशी दुपारी मी मोठ्याने म्हणते, "मी कालव्याचं पाणी बघून येते," आणि जाते. मे महिन्यात कालव्यात टिपूस नसतो हे चाळीस बायकांना ठाऊक आहे, तीन इंजिनियरांना कळलं नाही. तास-दीड तास कोरड्या कालव्यापाशी पाठ करून बसते. परत येते तोवर ढीग कमी झालेला असतो. नोंदवहीत मी "सडलेले" असं लिहिते. अकरा वर्षं माझ्या हस्ताक्षरात आहे. बारिएन्तोस साहेब एकदा म्हणाले, एवढे सडतात कसे? मी म्हटलं, दमट हवा. त्यांनी मफलर घट्ट केला आणि सही केली.

म्हणजे खोटी नोंद आणि सरकारी मालाची चोरी, दोन्ही माझ्या नावावर आहेत. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. माझ्याकडे जमीन नाही, नवरा नाही, ती पेन्शन म्हणजेच माझं म्हातारपण. तेव्हा दुसरं काहीतरी लिही. तू हुशार आहेस, सापडेल तुला काही.

सातुर्निना

~

लिमा, २० एप्रिल

प्रिय मदरीना,

पत्र तीनदा वाचलं आणि कपाटात कुलपात ठेवलं. ते कोणीही बघणार नाही. ज्या हाताने माझं जावळ काढलं त्या हाताची पेन्शन माझ्या लेखणीने घालवायची? शक्य नाही.

समिती १४ मेला बसतेय. अहवालात त्या जागी मी एवढंच लिहिलंय: "वाणाच्या प्रसाराचा मार्ग अनिश्चित." दोघं कुरकुरतील, पण बाकीचा अहवाल एवढा भक्कम आहे की मी तो ओढून नेईन. साहेबही माझ्या बाजूचे झालेत. तू निश्चिंत राहा आणि काढणीचं बघ.

नोएलिया

~

पुकारूमी, ८ मे

संशोधन केंद्र आढावा समिती, लिमा, यांस

मी सातुर्निना पाइतान, वय त्रेपन्न, पुकारूमी केंद्रावर क्षेत्र-सहाय्यक, हे स्वतःहून लिहीत आहे. मला कोणी शिकवलेलं नाही आणि माझ्या मानसकन्येला याची कल्पना नाही. ती माझ्यावर रागावेल.

तुम्ही विचारता की पुकारूमी-७ डोंगरभर कसा गेला. तो शालींतून गेला. अकरा काढण्या, दर काढणीला चाळीसेक शाली, दर शालीत साधारण अर्धं पोतं. एक कंद वर्षाला आठ-दहा होतो. तुमच्याकडे हिशेब करणारे आहेत, करून बघा, डोंगर भरतो की नाही. सोबत नोंदवहीच्या अकरा पानांच्या नकला आहेत. जिथे "सडलेले" असं लिहिलंय तिथे "दिलेले" असं वाचावं. अक्षर माझं आहे, कोणाही इंजिनियरचा दोष नाही.

बायकांची नावं विचारू नयेत. पाठ फिरवून बसलेल्या माणसाला चेहरे दिसत नाहीत.

नियम मोडला हे मला मान्य आहे. नियम पाळला त्या वर्षी पीक कुजलं, तेही मी बघितलंय. तुम्हाला कधी इकडे यावंसं वाटलं तर मार्चमध्ये या.

सातुर्निना पाइतान

~

लिमा, १७ मे

मदरीना,

काय केलंस हे? निदान मला विचारायचं तरी!

तुझं पत्र थेट साहेबांच्या टेबलावर गेलं. मला बैठकीतच कळलं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं, मग चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. कुरकुरणारे दोघं शाली आणि पोती कागदावर मांडत बसले. त्यांचा आकडा माझ्या चौतीस टक्क्यांच्या इतका जवळ आला की एक जण "अरे!" असं ओरडलाच. मग मतदान झालं. पाचही हात वर गेले. पुकारूमी राहतंय. बेणं-विक्री बंद. इथून पुढे काढणीची शाल हा बेणं-वाटपाचा अधिकृत मार्ग असेल, वजन करून, राजरोस. शिवाय बाकीच्या अठरा केंद्रांचीही विक्रीवरून नाही तर शेतात जाऊन पुन्हा मोजणी होणार आहे. तीन केंद्रं बंद करायच्या यादीतून आत्ताच निघाली.

आणि त्याच दुपारी साहेबांनी दुसऱ्या कागदावर सही केली. तुला सेवेतून कमी केलंय. अकरा वर्षं खोटी नोंद आहे, तीही लेखी कबुलीसकट, ती डोळ्याआड करता येत नाही म्हणाले. पेन्शन नाही. मी त्यांच्याशी भांडले, टेबलावर हात आपटला, ते म्हणाले, "मुली, मला त्या बाईचा फार आदर वाटतो," आणि सही केली. असल्या आदराचं काय लोणचं घालायचं?

मी हा अहवाल जिंकले आणि तुला घालवून बसले. माझ्याकडे निघून ये. खोली लहान आहे, पण आपण मावू. मी आयुष्यभर तुला सांभाळीन. हे लिहिताना कागद ओला झालाय, समजून घे.

नोए

~

पुकारूमी, २ जून

नोए पोरी,

तुझा ओला कागद चुलीपाशी वाळवला तेव्हा कुठे वाचता आला. लिमाला मी येणार नाही. तिथे आभाळच नाही, आणि तुम्ही बटाटे सोलून उकडता.

आधी इकडचं सांगते. नोटीस आली त्या रविवारी चाळीस बायका माझ्या अंगणात आल्या, प्रत्येकीच्या पाठीवर स्वतःच्या शेतातली एक शाल. ओतून ओतून अंगण भरलं, मला दारातून बाहेर पडता येईना. भाऊ त्याच्या वरच्या शेताचा अर्धा तुकडा मला कसायला देतोय. नवी क्षेत्र-सहाय्यक आलीय, देल्फिना नावाची, शिकलेली आहे, पण बटाट्याच्या फुलावरून वाण ओळखता येत नाही तिला. रोज संध्याकाळी माझ्याकडे विचारायला येते आणि चहासाठी साखर घेऊन येते. तेव्हा उपाशी मरणार नाही. पण तुला खोटं का सांगू, पहिल्या सोमवारी सकाळी उठून मी सवयीने फाटकापर्यंत गेले होते. तिथून परत फिरताना फार लागलं मनाला.

आता तू विचारतेस की मी असं का केलं. तुझ्यामुळे केलं. "मार्ग अनिश्चित," असं तू लिहिलंस! तू माझी पेन्शन वाचवायला लिहिलंस, हे मला कळतं ग. पण मी एकतीस वर्षं या झाडांत वाकले, बंदुकवाल्यांसमोर कंद लपवले, अकरा वर्षं कोरड्या कालव्यापाशी जीव मुठीत धरून बसले, आणि सरकारच्या कागदावर काय राहणार, तर तो कुठून आला कोणास ठाऊक? ते वाचल्यापासून मला जेवण गोड लागेना.

आणि तू रडतेस कशासाठी? तुझ्याच पद्धतीने मांड बघू. एका बाजूला एका बाईची नोकरी आणि म्हातारपणाचे थोडे पैसे. दुसऱ्या बाजूला पुकारूमी, ती तीन केंद्रं, आणि चाळीस बायका राजरोस शाल भरतील ते. तू एवढं अर्थशास्त्र शिकलीस, सौदा वाईट झाला असं म्हणून दाखव मला.

तुझा अहवाल अजून छापायला गेला नाही असं अमान्सियो म्हणाला, त्याने तुला बस-थांब्यावर विचारलं होतं. मग छापायच्या आधी ती 'अनिश्चित'ची ओळ खोड आणि तिथे माझं नाव लिही, आडनावासकट.

सातुर्निना